भुसावळ परिसरातल्या दोन वृद्धांना सिस्टरांच्या आश्रमात ठेवायचंय, नेमकं काय-काय करावं लागतं?

तापीकाठ

राम राम मंडळी.

आमच्या चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीकडे (गरिबांना मदत करणारं मंडळ) दोन जणांची नावं आली आहेत. दोघांची परिस्थिती एकदम वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या, ७६ वर्षांच्या आजी. हिंदू, माळकरी, मूलबाळ नाही, नवरा वारलेला. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी आहे. बोलणं थोडं जड झालंय, पण समज पूर्ण आहे. आहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत. अडीच एकर जमीन होती, ती तीन वर्षांपूर्वी पुतण्याला बक्षीसपत्राने दिली. पुतण्या आता दोन वेळचं जेवणही देत नाही. शेजारी डबा देतात. कमरेखाली लालसर चट्टा दिसू लागला आहे.

दुसरे, ८२ वर्षांचे आजोबा. कॅथलिक, रेल्वेतून निवृत्त, पेन्शन चालू आहे. चालते-फिरते आहेत, पण विसरभोळेपणा वाढलाय, संध्याकाळी घराबाहेर पडतात आणि परतीची वाट सापडत नाही. मुलगी परदेशात आहे, खर्च करायला तयार आहे.

विचारायचं ते असं: सिस्टरांच्या आश्रमात धर्माची अट असते का? कागद कोणते लागतात? पैसे किती? आणि जागा मिळेपर्यंत आजींचं घरी काय करायचं?

---

व्हिन्सेंशियन_जळगाव

तापीकाठ भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट. ‘सिस्टरांचा आश्रम’ नावाचा एकच दरवाजा नसतो. प्रत्येक धर्मसंघाचं काम ठरलेलं असतं आणि ते काम त्यांच्या व्रतातून आलेलं असतं. चुकीच्या दारात अर्ज गेला की दोन महिने वाया जातात आणि ‘सिस्टरांनी नाकारलं’ एवढाच निरोप गावात फिरतो.

लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर हा फक्त वृद्धांसाठीच काढलेला संघ. फ्रान्समधल्या सां-सेर्वां गावी १८३९ साली जान ज्युगान यांनी एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला दिला, तिथून हे काम सुरू झालं. भारतात ते १८८२ साली कलकत्त्याला आले. मुंबईत त्यांचं घर अंधेरीला, महाकाली रस्त्यावर आहे. वय ६० च्या पुढे आणि माणूस खरोखर गरीब, एवढं ते पाहतात. जात-धर्म पाहत नाहीत. ठेवी किंवा कायमचं उत्पन्न ठेवायचं नाही असा त्यांचा नियम आहे, रोजचं घर दानावर चालतं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज आदरातिथ्य हे त्यांचं चौथं व्रत आहे आणि एकदा घेतलेल्या माणसाला ते शेवटपर्यंत सांभाळतात. म्हणूनच घेताना पारखून घेतात. आजी या घरात बसतात, आजोबा बसत नाहीत, कारण पेन्शन असलेल्या माणसाने गरिबाची खाट अडवू नये.

मिशनरीज ऑफ चॅरिटी म्हणजे मदर तेरेसांच्या सिस्टर. १९५० साली संघ स्थापन झाला, कालीघाटचं निर्मल हृदय, मरणासन्नांसाठीचं घर, १९५२ चं. गरिबातल्या गरिबाची मोफत सेवा हे त्यांचं चौथं व्रत. रस्त्यावर, फलाटावर पडलेला, ज्याला कोणीच नाही असा माणूस त्यांचा. भुसावळ जंक्शनवर सोडून दिलेली म्हातारी माणसं सापडतात, त्यांच्यासाठी हे दार आहे. ज्याच्या मागे पुतण्या आणि अडीच एकर आहे त्याच्यासाठी सहसा नाही.

तिसरा प्रकार म्हणजे धर्मप्रांताचे (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) किंवा इतर संघांचे आश्रम, जिथे नर्स असते आणि महिन्याचा खर्च घेतात. काही ठिकाणी ज्याला परवडतं तो देतो आणि त्यातून न परवडणाऱ्याचं भागतं. आजोबांसाठी हेच बघा. फक्त फोनवर पहिल्याच वाक्यात ‘विसरतात आणि बाहेर निघून जातात’ हे सांगा. बऱ्याच आश्रमांचं फाटक दिवसभर उघडं असतं. तिथे असा माणूस ठेवणं धोक्याचं असतं आणि सिस्टरांना नंतर कळलं तर आठवड्यात परत न्या म्हणतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. त्यामुळे आपल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांचं पत्र घेऊन पहिली चौकशी नाशिकला करा, मग पुणे-मुंबई. आपल्या भागात लोक चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयाचंही नाव घेतात. ते प्रॉटेस्टंट संस्थेचं रुग्णालय आहे, वृद्धाश्रम नाही. उपचाराला जरूर जा, पण फादरांच्या पत्राचा तिथे काही संबंध नाही.

क्रम साधारण असा चालतो. फोन, मग छापील अर्ज, मग वैद्यकीय तपासण्या, मग सुपीरिअर (प्रमुख) सिस्टर वृद्धाशी एकांतात बोलतात, मग काही आठवडे बघून कायम. अर्जासोबत आधार, रेशनकार्ड, चार फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स, जुने दवाखान्याचे कागद आणि जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता. तपासण्यांत छातीचा एक्स-रे बहुतेक सगळीकडे मागतात, कारण चाळीस म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये एक क्षयरोगी आला तर काय होतं ते त्यांना ठाऊक असतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती आधीच करून ठेवा. त्याशिवाय साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, ईसीजी, आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरच्या सहीने.

अर्ज कुठे अडतात? दोन ठिकाणी. एक, नातेवाईक लपवतात. ‘कोणीच नाही’ लिहितात आणि दाखल झाल्यावर पुतण्या भांडायला येतो. पुतण्या आहे, सांभाळत नाही, असं स्पष्ट लिहा. दुसरं, वृद्धाला खोटं सांगून आणतात. ‘दवाखान्यात नेतो’ म्हणून गाडीत बसवलं आणि आश्रमात उतरवलं, तर एकांतातल्या पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. वृद्धाचा होकार नसेल तर सिस्टर घेत नाहीत, आणि बरोबरच करतात. आजींची समज पूर्ण आहे, त्यांना आश्रमाचे फोटो दाखवा, दोन-तीन भेटींत बोला, नाही म्हणाल्या तर तिथेच थांबा.

आणि सोसायटीचं मूळ काम विसरू नका. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरुवात केली ती घरभेटींनी. दोघांनी मिळून जायचं, ठरलेल्या वारी जायचं, घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. आजींना आश्रम मिळो न मिळो, ही भेट उद्यापासून सुरू होऊ शकते.

---

तहसील_वारी

वरचं सगळं बरोबर. पण आजींच्या बाबतीत आश्रमाआधी प्रांत कार्यालय आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७. यात मूल नसलेल्या ज्येष्ठाला अशा नातेवाईकाकडून निर्वाह मागता येतो, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे. पुतण्या इथे थेट सापडतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे भुसावळ प्रांत. आजी स्वतः जाऊ शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. सोसायटीच्या नावाने साध्या कागदावर अधिकारपत्र घ्या, उजवा हात लुळा आहे तर डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. समोरच्याला नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात. रक्कम देण्याचा आदेश मोडला तर वॉरंट निघतं.

जमीन परत मिळेल का, हा वेगळा मुद्दा. कलम २३ मध्ये सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, रद्द ठरवता येते. बक्षीसपत्राची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा आणि त्यात ‘सांभाळ करील’, ‘पालनपोषण करील’ असं काही वाक्य आहे का ते शब्दन्‌शब्द वाचा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट असायला हवी. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असं सांगितलं. म्हणजे अट स्पष्ट असेल तर बाजू भक्कम, नसेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय आशा लावू नका. त्याच वेळी केलेलं वेगळं वचनपत्र असेल तर तेही जोडा.

हा अर्ज टाकला म्हणून आश्रमाचं दार बंद होत नाही. उलट अर्जाची पोचपावती सिस्टरांच्या फाइलला लावली की ‘नातेवाईक आहेत, पण सांभाळत नाहीत’ याला सरकारी पुरावा मिळतो.

पेन्शनचं बघा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. जमीन गेलेली आहे, तेव्हा सातबारावर आजींचं नाव आता नाही हे दाखवणारा उतारा लावा, नाहीतर तलाठी जुन्या नोंदीवरून उत्पन्न धरतो.

पैसे आधार-संलग्न खात्यात येतात, आणि इथेच आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं अडतं. आयुष्यभर निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी केलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत, यंत्र ठसा घेत नाही. आधार केंद्रावर बुबुळाची नोंद अद्ययावत करून घ्या. पासबुक आणि एटीएम कार्ड पुतण्याकडे असेल तर आधी तेच परत घ्या. आश्रमात गेल्यावर पेन्शन बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दरवर्षीचा हयातीचा दाखला गावात कोणी दिला नाही. जाण्याआधी तहसीलला नव्या पत्त्याचा अर्ज देऊन पोच घ्या.

आजोबांचं पेन्शन केंद्राचं आहे. त्यांचा हयातीचा दाखला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चेहऱ्यावरून मोबाइलवर देता येतो. वय ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते. बँकेत जन्मतारखेची नोंद चुकीची असली की ती लागतच नाही, पासबुकावरून तपासा. रेल्वे दवाखान्याचं उमीद कार्डही असेलच, ते आश्रमात सोबत द्या.

मुलगी पैसे पाठवणार असेल तर एक सावधगिरी. तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिचे पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर संस्थेला दिलेली तिची देणगी परदेशी ठरते. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. सिस्टरांच्या साध्या खात्यावर परस्पर पाठवू नये, त्यांची नोंदणी धोक्यात येते. सोपा मार्ग म्हणजे तिने वडिलांच्या खात्यात पाठवायचे आणि महिन्याचा खर्च वडिलांच्या खात्यातून द्यायचा.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. पुतण्या धमकावत असेल तर पोलीस ठाण्यात जाण्याआधी इथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

---

परिचारिका_धुळे

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यांत घाईचं वाक्य म्हणजे ‘कमरेखाली लालसर चट्टा’. कागद पुढच्या आठवड्यात झाले तरी चालतील, हे आज.

चट्ट्यावर बोट तीन सेकंद दाबा आणि उचला. पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिलं तर ती शय्याव्रणाची (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) पहिली पायरी आहे. इथे काळजी घेतली तर काही दिवसांत भरतं. कातडी फुटली की महिने जातात, आणि उघडी जखम असलेल्या पेशंटला बरेच आश्रम ‘आधी जखम भरू द्या’ म्हणतात. म्हणजे हा चट्टा आजींच्या प्रवेशालाही आडवा येऊ शकतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची. उताणं, डावी कूस, उताणं, उजवी कूस. पूर्ण कुशीवर आडवं टाकायचं नाही, त्याने खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. लुळ्या बाजूवर वेळ थोडा कमी, कारण तिथे दुखलेलं त्यांना कळत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत अधांतरी. टाचेला व्रण होतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. भिंतीवर कागद लावा आणि ज्याने कूस बदलली त्याने वेळ लिहून सही करायची. शेजारच्या चार घरांत पाळ्या लावल्या तर रात्रीचे दोन आणि चार वाजताचेच अवघड जातात.

काखेत हात घालून वर ओढायचं नाही. ओढताना कातडी गादीला चिकटते आणि आतलं मांस सरकतं, तिथून जखम आतून सुरू होते. लुळ्या बाजूचा खांदाही निखळतो. जुनं सुती लुगडं चार पदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला, दोघांनी दोन बाजूंनी कडा धरून उचलून सरकवा. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका, माणूस खाली घसरत राहतो.

लाल जागेवर मालिश नको. स्पिरिट नको, टाल्कम पावडर नको, मध्ये भोक असलेली रबरी रिंग तर अजिबात नको, ती कडेचं रक्त अडवते. ओलं झालं की लगेच कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, घासू नका. वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. कातडी फुटली असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, नवी येणारी कातडीही जळते. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ, त्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

पोटात प्रथिनं गेली नाहीत तर हे सगळं करूनही जखम भरत नाही. शेजाऱ्यांच्या डब्यात भाकर आणि तिखट भाजी असते, ती आजींना चावतही नाही आणि गिळतही नाही. घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, ताक नव्हे. माळकरी आहेत तर अंडं नाही, मग दुधात शेंगदाण्याचा बारीक कूट शिजवून, दाणा राहू न देता.

बोलणं जड झालंय म्हणजे गिळणंही बिघडलेलं असू शकतं. पहिल्यांदा अर्धा चमचा पाणी देऊन बघा. खोकला आला, आवाज ओला-घरघरता झाला किंवा डोळ्यांत पाणी आलं तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातोय. पाणी तसंच देऊ नका, पेजेसारखं दाट करून द्या आणि दवाखान्यात गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, घास निरोग्या बाजूने. प्रत्येक घासानंतर उजव्या गालात अन्न साठलंय का ते बोटाने नव्हे, बॅटरीच्या उजेडात पाहा. घास उतरवायला वरून पाण्याचा घोट देऊ नका, लोक नेमकं हेच करतात. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. पक्षाघातानंतर न्यूमोनियाने जाणारी बरीच माणसं अशीच, प्रेमाने घाईघाईत भरवल्यामुळे जातात.

भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांचा. म्हातारपणी तहान लागत नाही, म्हणून ‘मागतील तेव्हा देऊ’ चालत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दर तासाला अर्धी वाटी ठरवून, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. पत्र्याच्या खोलीत कूलर लावला आणि खिडकी बंद केली तर दमट होऊन उलटं होतं, समोरची खिडकी उघडी हवी. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक बरळायला लागली तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडू नका. पाणी कमी, सोडियम कमी, साखर कमी किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, यातलं काहीतरी असतं आणि त्यावर उपचार होतो.

---

तापीकाठ

ताई, फार उपयोगी. चट्टा दाबून पाहिला, पांढरा होतोय. पाळ्यांचा कागद आज लावला. तीन गोष्टी अजून. एकाने हवेची गादी देऊ केली आहे, पण लाइट जाते, मग काय? दुसरं, आजी विचारतात की तिथे माळ काढावी लागेल का, एकादशी चालेल का. तिसरं, त्यांची आहिराणी तिथे कोणाला समजणार?

---

परिचारिका_धुळे

गादी घ्या. पंपावरचा दाब आजींच्या वजनाप्रमाणे लावा. मग बसण्याच्या भागाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. वर निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे, हाड हाताला लागलं तर दाब कमी आहे. वर एकच सैल सुती चादर. घट्ट खोचलेली चादर, मेणकापड, गोधडी घातली की गादीचा उपयोग संपला. लाइट गेल्यावर ती हळूहळू बसते, म्हणून तिच्याखाली चार इंची फोमची गादी कायम असू द्या. गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही, इथेच सगळे फसतात.

---

सातपुडा_वाट

माळेबद्दल आजींना निश्चिंत राहायला सांगा. माळ, विठ्ठलाचा फोटो, हरिपाठ, काहीही सोडावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, बसायचं तर बसा, नाहीतर आपल्या खाटेवर. अर्जात ‘माळकरी, मांसाहार नाही, अंडं नाही’ हे ठळक लिहा. अन्न दानावर चालणाऱ्या घरात रविवारी चिकन आलं तर स्वयंपाकघराला आधी माहीत हवं.

गावात कोणी धर्मांतराची शंका काढली तर तिला शांतपणे उत्तर द्या, कारण ती म्हाताऱ्या माणसाच्या मनात खरी भीती असते. चर्चच्याच कायद्यात, कॅनन ८६५ मध्ये, प्रौढाने स्वतः इच्छा व्यक्त केल्याशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही असं लिहिलेलं आहे. सेवेच्या बदल्यात किंवा दबावाने श्रद्धा स्वीकारायला लावणं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) स्पष्ट शब्दांत मना केलं आहे.

अंत्यविधी कसा व्हावा हेही अर्जातच लिहा: हिंदू पद्धतीने दहन, कळवायचं कोणाला, त्यांचा नंबर, आणि ते आले नाहीत तर सोसायटी करेल हे लेखी. हे वाक्य नसलं की सिस्टरांना रात्री दोन वाजता फोन फिरवत बसावं लागतं. डॉक्टरचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि २१ दिवसांत नोंद, एवढं साधं प्रकरण असतं. पडून हाड मोडल्यावर मृत्यू झाला तर मात्र डॉक्टर पोलिसांना कळवतात आणि शवविच्छेदन होतं, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

एकादशीचा प्रश्न धर्माचा नाही, घशाचा आहे. साबुदाणा चिकट असतो, गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात तो अडकतो. भगरीची पातळ पेज किंवा दुधातला राजगिरा चालेल. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निरंकार उपवास बंद, गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जाते.

भाषेचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. सिस्टर केरळच्या, मंगळूरच्या, झारखंडच्या असतात, हिंदी बोलतात, मराठी शिकतात. आहिराणी त्यांच्या कानावरूनही गेलेली नसते. आजी ‘तीस लागनी’ म्हणतील आणि समोरची तीस आकडा ऐकेल. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेला बांधा, शेजारी हिंदी अर्थ. माले तीस लागनी: प्यास लगी है. माले भूक लागनी. पोट दुखस. डोकं दुखस. चक्कर येस. जीव घाबरी रायना: घबराहट हो रही है. कोठे दुखस: कहाँ दर्द है. पहिली दोन आठवडे रोज ठरल्या वेळी गावातून कोणीतरी आहिराणीत फोन करा. नव्या जागी म्हातारं माणूस जेवण सोडतं ते बहुतेक वेळा मुकं झाल्यामुळे.

आजोबांसाठी फादरांना एवढंच सांगा की आश्रम ज्या पॅरिशमध्ये आहे तिथे कळवा. ख्रिस्तप्रसाद खाटेपर्यंत येतो, आजारी आणि वृद्धांना तो घेण्याआधीच्या तासाभराच्या उपवासाचा नियम लागू नाही. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो, म्हातारपणाने प्रकृती ढासळू लागली तरी घेता येतो. विसरभोळेपणा वाढण्याआधी घेतला तर त्यांना तो समजून घेता येईल. जुन्या प्रार्थना आणि गीतं शेवटपर्यंत आठवत राहतात, ती कोणती आहेत ते लिहून द्या. संध्याकाळी बाहेर पडायची वेळ झाली की त्यांना तिथे बसवून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सुरू करणं कुलपापेक्षा बरं काम करतं.

---

शेंगदाणा_चोपडा

थोडं बाजूचं, पण तुमच्या गावातले लोक ‘आश्रमाला काय द्यावं’ विचारतील म्हणून.

पन्नास जणांच्या घरात दहा जण खाटेवर असतील तर माणशी रोज तीन डायपर, महिन्याला ९००. हाच सगळ्यात मोठा खर्च आणि हेच कोणी देत नाही. मोठ्यांचे, मध्यम आणि मोठ्या मापाचे. डाळ माणशी ६० ग्रॅम धरली तर पन्नास जणांना दिवसाला ३ किलो, महिन्याला ९०. तूर आणि मूग द्या, हरभऱ्याने म्हाताऱ्यांची पोटं फुगतात. केळी आपल्याकडून सगळे देतात आणि अख्खा घड देतात. तो एकदम पिकतो आणि अर्धा फेकला जातो. वेगवेगळ्या पिकेपणाच्या फण्या, आठवड्याला दोनदा.

वाढदिवसाची मिठाई, पॅकेट फोडलेली औषधं, नायलॉनच्या साड्या नकोत. सुती, पुढे बटणं असलेले गाऊन हवेत, लुळ्या हाताला घालता येतात. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात तासाभरात पोचणार नसेल तर कोरडा शिधा द्या. लोक नाताळात रांग लावतात, जून-जुलैत भांडार रिकामं असतं. पेरणीच्या दिवसांत कोणाच्याच हातात पैसा नसतो, म्हणून सुगीत दोन पोती बाजूला काढून ती जूनला पोचवायची असं ठरवलेलं बरं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आणि धान्य-वस्तूंना करसवलत मिळत नाही, हवी असेल तर बँकेतून द्या आणि पॅन लिहा.

---

परिचारिका_धुळे

जागा मिळाली की नेण्याबद्दल, कारण नाशिक असो वा मुंबई, रस्त्याने अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे.

मे महिन्यात दुपारी निघू नका, पहाटे चारला निघा. बसता येत असेल तर गाडीची पुढची सीट मागे कललेली, लुळ्या हाताखाली उशी, पट्टा लावून. बसता येत नसेल तर रुग्णवाहिका. दर दोन तासांनी थांबून भार बदलायचा, डायपर पाहायचा. रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची सकाळची गोळी चुकवू नका, ‘प्रवासात लघवी नको’ म्हणून पाणीही तोडू नका.

पिशवीत: पंधरा दिवसांच्या गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरची चिठ्ठी, एक्स-रे, तीन सुती गाऊन, दोन जुनी लुगडी, चष्मा, कवळी डबीसह, आहिराणीचा पुठ्ठा, माळेचा एक जादा सर. दागिने आणि रोख पैसे नको. पोचल्यावर सिस्टरांसमोर कपडे सारून पाठ, खुबे, टाचा दाखवा आणि कातडीची स्थिती त्यांच्या रजिस्टरात दोघांच्या सहीने लिहून घ्या. पहिल्या रात्री सोबतचं एक माणूस गावातच थांबू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना तोंड दाखवून मग परत निघा.